व्याह्यांची सुरी

कुणाच्याही घरी गेले, की सर आधी चपला काढायचे, मग यजमानांना नमस्कार करायचे आणि तिसऱ्या मिनिटाला स्वयंपाकघरात जाऊन सुऱ्यांचा खण उघडायचे. एकेक सुरी उचलून डाव्या अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायची. धार असली तर पातं नखावर अडतं, नसली तर घसरतं. आमच्या न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या यच्चयावत मराठी घरांत ते घसरायचंच. मग सर चष्म्यावरून यजमानीणबाईंकडे बघत आणि शोकसभेतल्या आवाजात विचारत, "ही सुरी आहे की चमचा?"

हसू नका. तुमच्या घरी आले असते तर तुमचीही तीच गत झाली असती.

त्यांच्या कोटाच्या खिशात चष्म्याची एक जुनी डबी असायची. तिच्यात धार लावायचा बोटभर लांबीचा दगड. गणपतीच्या जेवणाला पन्नास माणसं जमलेली, बाहेर आरती चाललेली आणि आत सर सिंकपाशी उभे राहून दुसऱ्याच्या सुरीला धार लावताहेत, हे दृश्य आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. परवानगी वगैरे विचारायची पद्धत नव्हती. बोथट सुरी हा त्यांच्या लेखी उघडा पडलेला पेशंट होता, त्याला काय विचारायचं! पुढच्या आठवड्यात त्या घरातल्या निदान एका बाईच्या बोटाला पट्टी असायची, कारण बोथट सुरीवर जोर देऊन कापायची सवय एका दिवसात जात नाही. ती पट्टीही बहुधा सरच बांधायला जात. स्वतःच धार लावायची आणि स्वतःच टाके घालायचे, असा हा एकहाती कारभार.

मी भूलतज्ज्ञ. एकाच हॉस्पिटलात आम्ही वीस वर्षं बरोबर काम केलं. मी माणसं झोपवायची, ते कापायचे. ते कोल्हापूरचे, रविवारी मटण नसेल तर तो रविवार धरायचा नाही अशा घरातले. मी नागपूरची, पक्की शाकाहारी, अंड्याच्या टोपलीलाही वळसा घालून जाणारी. तरी आमचं मेतकूट जमलं, कारण दोघांनाही दुसऱ्याला बोलू द्यायची सवय नव्हती. ते रिटायर झाले तेव्हा मला त्यांच्या हातांची काळजी वाटली. चाळीस वर्षं चालणारे हात एकदम थांबवायचे तरी कसे? तर ते थांबलेच नाहीत, आमच्या खणांपर्यंत येऊन पोचले.

त्यांची एकुलती एक लेक जनावरांची डॉक्टर झाली. कुत्र्यामांजरांची नव्हे, गाईंची. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात एका गोठ्यावर गाय तपासायला गेली आणि गोठेवाल्याच्या मुलाशी लग्न करून तिथेच राहिली. जावई चांगला, हसरा. सरांना त्याच्याबद्दल काडीची तक्रार नव्हती. प्रश्न व्याह्यांचा होता.

व्याही बोलायचेच नाहीत. उंच, हाडकुळे, सदा डोक्यावर टोपी. लग्नाच्या जेवणात सरांनी त्यांना पित्ताशय या विषयावर पाऊण तास ऐकवलं. ते शेवटी म्हणाले, "हं." दिवाळीला सरांनी चकल्या, करंज्या, दोन प्रकारचे लाडू असा खोकाभर फराळ पाठवला. उत्तर आलं, "गॉट इट. थँक्स." सर तो मेसेज घेऊन माझ्या घरी आले आणि ईसीजी वाचावा तसा त्यांनी तो मला वाचून दाखवला.

"यात राग आहे का गं?"

"सर, यात तीन शब्द आहेत."

"तेच म्हणतोय. चौथा का नाही?"

मी तेव्हा हसले, पण त्यांना ते लागलं होतं. आपल्याकडे व्याही म्हणजे अर्धं लग्न. लेकीच्या घरी आपण जन्मभर पाहुणे राहणार की घरचे होणार, हे त्या एका अबोल माणसाच्या हातात आहे, असं सरांनी ठरवून टाकलं होतं. आणि सरांनी एकदा निदान केलं की ते बदलत नसत.

मग एका ऑक्टोबरात व्याह्यांचा फोन आला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, त्या पहिल्या दिवशी त्यांच्या डोंगरावर फक्त घरची माणसं जातात. "ओपनिंग डे. यू वाँट टू कम?" बस्, एवढंच. सर चप्पल न घालता माझ्या दारात. "घरची माणसं! कळतंय का तुला? घरची!" मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी उभ्याउभ्या पिऊन पेला माझ्या फुलदाणीशेजारी ठेवला आणि परत निघून गेले. शिकारीच्या परवान्यासाठी कोर्स करावा लागतो, तो त्यांनी केला आणि त्याचं सर्टिफिकेट एम.एस.च्या डिग्रीशेजारी भिंतीवर लावलं. बंदूक मात्र ते चालवणार नव्हते. "गोळी कुणीही मारेल," ते म्हणाले. "हरीण पडल्यावर तिथल्या तिथे पोट उघडून साफ करावं लागतं, नाहीतर मटण खराब होतं. ते काम माझं. त्यांना दाखवतो आपण कोण आहोत ते."

त्यासाठी सुरी हवी. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, हात जोडले. "मी मटण शिजवते. त्याच्या आधीचं मला सांगू नका." म्हणून गाडी चालवायला मी. शिकारीच्या सामानाच्या त्या अवाढव्य दुकानात शिरताच पेंढा भरलेलं अस्वल माझ्या अंगावर आलं, ते सोडून सर थेट सुऱ्यांच्या काउंटरवर. दाढीवाल्या विक्रेत्यानं मोठ्या अभिमानानं सगळ्यात मोठी सुरी काढली. वीतभर पातं, वर करवतीचे दात.

"मला हरणाचं पोट उघडायचंय," सर इंग्रजीत म्हणाले. "किल्ला घ्यायचा नाही."

मग सुरू झाली तपासणी. घडीची सुरी नको, तिच्या सांध्यात रक्त आणि चरबी अडकते, साफ होत नाही. पात्याला मागे आकडा असलेली नको, "मला माझं बोट आहे." पातं बोटाएवढंच हवं, कारण आत दिसत नाही, बोट जिथवर जाईल तिथवरच पातं जायला हवं. टोक फार अणकुचीदार नको, आतडं फुटलं की संपलं. मूठ ओल्या हातातून निसटणारी नको. आणि मुठीचा रंग भडक हवा, पाचोळ्यात ठेवली की हरवते म्हणून. असं करत तीस सुऱ्या त्यांनी बाद केल्या. एकतिसावी हातात घेतली, डोळे मिटले आणि डाव्या हाताची दोन बोटं पुढे सरकवत, त्यांच्यामधून सुरी उलटी धरून काउंटरच्या काचेवर हवेत एक लांब रेघ ओढली. विक्रेता बघतच राहिला.

"हाउ मेनी हॅव यू डन, सर?"

"थाउजंड्स," सर डोळे न उघडता म्हणाले. "मोस्ट ऑफ देम वेंट होम."

विक्रेता हळूच एक पाऊल मागे सरकला. हे सर्जन आहेत, असं मी घाईघाईनं सांगितलं नसतं तर आम्ही त्या दिवशी घरी कसे पोचलो असतो, सांगता येत नाही.

पुढचे पंधरा दिवस सरांच्या गराजमध्ये धार. आयसेलिनच्या देशी खाटकाकडून त्यांनी सरावासाठी बकऱ्याची अख्खी तंगडी आणली आणि ती धरायला मला बसवलं. मी हातमोजे घालून, तोंड फिरवून, मनातल्या मनात रामरक्षा म्हणत ती तंगडी धरली. पहिली धार त्यांनी अशी काढली की हातावरचे केस नुसत्या वाऱ्यानं पडावेत. मांसातून सुरी सपकन गेली, हाडाला टेकली आणि पात्याच्या कडेचा टवका उडाला. सर स्टुलावर बसले. पातं नखावरून फिरवून टवका पाहिला.

"चुकलं," शेवटी म्हणाले. "मी हिला स्काल्पेल समजलो. स्काल्पेल एका ऑपरेशनपुरतं जगतं, मग फेकून देतात. हिला हाडाशी संसार करायचाय."

मग त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पात्याच्या कडेला काळ्या मार्करनं रंग द्यायचा, दगडावर दोन वेळा ओढायचं आणि रंग कुठे गेला ते बघायचं. वरचा गेला तर कोन कमी, कडेचाच गेला तर कोन जास्त. आधी जाड दगड, मग बारीक, मग कमरेच्या जुन्या पट्ट्याची उलटी बाजू. तंगडी संपेपर्यंत धार जुळली. ती तंगडी वहिनींनी मग शिजवली आणि माझ्यासाठी वेगळं पिठलं केलं, हे आवर्जून सांगायला हवं.

थँक्सगिव्हिंगला आम्ही तिघं निघालो. हरणाच्या शिकारीला शाकाहारी बाई कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण सर म्हणाले, "भूल द्यायला माणूस नसेल तर मी सुरी हातात धरत नाही," आणि वहिनी म्हणाल्या, "मी एकटी कुणाशी बोलू?" लेकीनं दारातच बाबांना बाजूला घेतलं. "बाबा, लिसन. यांच्या घरातल्या सुऱ्यांना हात लावायचा नाही. प्रॉमिस?"

"अगं, प्रॉमिस काय, माझी स्वतःची आहे ना!"

थँक्सगिव्हिंगचा गुरुवार छान गेला. टर्कीबरोबर वहिनींची चिंचगुळाची आमटी होती. व्याह्यांनी ती दोनदा घेतली आणि सरांनी मला टेबलाखालून लाथ मारली. पण त्या घराच्या मागच्या दाराशी, कोट अडकवायच्या खुंटीवर, चामड्याच्या म्यानात एक सुरी टांगलेली होती. सरांची नजर तिच्यावर सारखी जात होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही नाश्त्याला जमलो तर सर आधीच टेबलाशी, नवऱ्या मुलासारखे प्रसन्न. पुढ्यात पांढऱ्या रुमालावर खुंटीवरची ती सुरी. चांदीसारखी लखलखत होती. आदल्या दिवशी ते पातं काळंकुळकुळीत होतं म्हणे. "बिचारी पडून होती," सर म्हणाले. उरलेली चिंच, मीठ आणि भांडी घासायची तारेची घासणी घेऊन, देवघरातली पितळेची निरांजनं उजळावीत तशी त्यांनी ती घासली होती, आणि वर गराजमध्ये शिकलेली सगळी विद्या वापरून धार लावली होती. व्याह्यांना भेट म्हणून. काळं पडलं की चिंचेनं घासायचं, हे आपल्या हाडात इतकं मुरलेलं असतं, की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मलाही त्या क्षणी वाटलं नाही.

व्याह्यांनी सुरी उचलली. एका बाजूनं पाहिली, मग दुसऱ्या बाजूनं.

"दॅट वॉज माय डॅड," ते म्हणाले. सुरी टेबलावर ठेवली आणि गाईंकडे निघून गेले.

मग लेकीनं सांगितलं. ती त्यांच्या वडिलांची सुरी. साध्या पोलादाची. वडिलांनी जन्मभर दर हंगामात ती वापरली, पुसली, तेल लावून ठेवली, आणि वर्षावर्षानं ते पातं रक्तानं आणि तेलानं काळं होत गेलं. वडील गेल्यावर तो काळा रंग तेवढा उरला होता. "वन थिंग, बाबा," ती रडत म्हणाली. "आय आस्क्ड यू वन थिंग."

टेबलावर पेशंट दगावला, तेव्हाचा सरांचा चेहरा मी आयुष्यात तीनदा पाहिला होता. तो चौथा.

वर खोलीत जाऊन ते बॅग भरू लागले. "चल, घरी जाऊ. आता त्या डोंगरावर माझं काय काम?" मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. मी बॅगेतला त्यांचा स्वेटर काढून पलंगावर आपटला. "सर, केस बिघडली की बाहेर बसलेल्या नातेवाइकांकडे तुम्ही स्वतः जायचात. कधी ज्युनियरला पाठवलं नाहीत. आता मागच्या दारानं पळायला लागलात काय?" इतकं मी त्यांना वीस वर्षांत बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बॅग तशीच टाकली आणि खाली उतरले.

खिडकीतून मला गोठ्याचं दार दिसत होतं. सर दोन्ही हात मागे बांधून उभे, समोर व्याही. मग दोघंही आत दिसेनासे झाले. तासाभरानं सर परतले ते आधी वासानं कळलं.

"काय म्हणालात?"

"चूक माझी आहे म्हणालो. दुरुस्त होण्यासारखी नाही, हेही म्हणालो."

"आणि ते?"

"'हं' म्हणाले." सरांनी बुटांकडे पाहिलं. लग्नकार्याला घालायचे त्यांचे चांगले बूट शेणानं पार माखले होते. "आणि हातात फावडं दिलं."

शनिवारी पहाटे सर आणि व्याही डोंगरावर गेले. नऊच्या सुमारास लांबून एक गोळी ऐकू आली आणि थोड्या वेळानं सरांचा फोन. "ये लवकर. तुझ्याशिवाय सुरी धरत नाही." शिकाऱ्यांना लांबून माणूस ओळखू यावा म्हणून घालायचं नारिंगी जाकीट अडकवून मी धापा टाकत वर चढले. ओकच्या झाडाखाली हरीण पडलेलं होतं. मी म्हटलं देवा, आणि उभी राहिले. सरांनी आपली नवी सुरी म्यानातून काढली होती. व्याह्यांनी मान हलवली आणि आपल्या पट्ट्यातून ती लखलखीत सुरी काढून, मूठ सरांकडे करून पुढे धरली.

"नो, नो, आय हॅव माय ओन."

"यूज दिस वन."

सर गुडघ्यावर बसले. दोन बोटं पुढे, त्यांच्यामधून पातं उलटं, धार वर. हात असे चालले की जणू ते कधी रिटायर झालेच नव्हते. व्याही टोपी मागे सारून बघत होते. अर्ध्यावर आल्यावर सर मान वर न करता, त्या नेहमीच्या आवाजात मला म्हणाले, "प्रेशर?"

"वन ट्वेंटी बाय एटी, स्टेबल!" मी म्हणाले. वीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

मग सरांचे खांदे हलायला लागले. मला हसू आवरेना, मी झाडाला धरलं. व्याह्यांना लेकीकडून आमचे धंदे ठाऊक होते. आधी ते नुसते आमच्याकडे बघत राहिले, मग एकदम गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्या माणसाच्या आत एवढं हसू असेल असं त्यांच्या मुलालाही वाटलं नसतं.

एकही आतडं न फोडता काम संपलं. सर बाटलीतल्या पाण्यानं सुरी धुवायला निघाले, तर व्याह्यांनी त्यांचं मनगट धरलं. नुसती पुसायची. त्यांनी स्वतः ती पँटवर पुसली आणि उन्हात धरली. चांदीसारख्या पात्यावर फिकट निळसर डाग उमटला होता.

"इट्स कमिंग बॅक," ते म्हणाले.

"किती दिवस लागतील?" सरांनी विचारलं.

व्याह्यांनी विचार केला. "इयर्स," ते म्हणाले. "यू'ल हॅव टू कीप कमिंग."

घरी परतताना गाडीत सरांनी ते वाक्य वहिनींना इतक्या वेळा म्हणून दाखवलं की वहिनींनी रेडिओ लावला.

त्यानंतर पाच हंगाम ते गेले. शुक्रवारी व्याही सुरी काढून टेबलावर ठेवायचे, सर विचारायचे, "मे आय?" व्याही म्हणायचे, "हं." मग दोघं मागच्या पायरीवर बसायचे. सर दगडावर सुरी ओढत अखंड बोलत राहायचे आणि व्याही ऐकायचे. आमच्या घरांतही सर आता विचारून खण उघडायला लागले होते. उत्तरासाठी थांबत नसत, ती गोष्ट वेगळी.

गेल्या एप्रिलमध्ये सर गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. इतक्या माणसांना मी झोपवून परत उठवलं, म्हणून मला त्याचा जरा जास्तच राग आला. अजून आहे.

नोव्हेंबरमध्ये लेकीनं आग्रह केला, म्हणून वहिनी आणि मी तिकडे गेलो. शनिवारी व्याही डोंगरावरून उतरले तेव्हा त्यांच्या पट्ट्याला प्लॅस्टिकच्या मुठीची कुठली तरी नवी सुरी होती. वडिलांची मागच्या दाराशी खुंटीवर होती. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती म्यानातून काढून माझ्यापुढे धरली. पातं राखाडी झालं होतं, मुठीजवळ जवळजवळ काळं. सरांनी शेवटची लावलेली धार मात्र कडेनं पांढरी चमकत होती.

त्यांनी विचारलं, सर शेवटी पट्ट्यावर काहीतरी अगदी हलक्या हातानं करायचे, ते तुला येतं का? तू तर वीस वर्षं त्यांच्यासमोर उभी होतीस.

होते. वीस वर्षं, हातभर अंतरावर. पण माझं लक्ष सगळा वेळ मॉनिटरवर असायचं. त्यांच्या हातांकडे मी कधी नीट बघितलंच नाही. मी त्यांना तसं सांगितलं.

व्याह्यांनी मान डोलावली.

"देन आय बेटर नॉट यूज इट," ते म्हणाले, आणि त्यांनी सुरी म्यानात घालून परत खुंटीवर टांगली.